चिंचेखालची गाडी, चामढोकांचा अभिषेक: डाग कसे काढू?

उजनीकाठ

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, पक्ष्यांवर माझा राग नाही. पण प्रश्न त्यांच्यामुळेच पडलाय.

आठ महिन्यांपूर्वी बदली होऊन इंदापुरात आले. इथल्या जुन्या चिंचांवर उन्हाळ्यात चित्रबलाकांची, म्हणजे रंगीत करकोच्यांची, वसाहत असते. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचा तर त्यासाठी प्रसिद्धच आहेत, लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात. आमचे शिपाईमामा या पक्ष्यांना चामढोक म्हणतात. आमच्या ऑफिसबाहेरच्या चिंचेवर सात घरटी आहेत (जेवणाच्या सुट्टीत मोजली). आणि सावली म्हणाल तर नेमकी त्याच झाडाखाली. एप्रिलमध्ये इथे गाडी उन्हात लावली तर संध्याकाळी स्टिअरिंग धरायला हातमोजे लागतील. म्हणून लावली झाडाखाली. मूर्खपणा झाला, मान्य.

गाडी अकरा वर्षांची, गडद मरून, आणि ती मूळची आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. दर रविवारी सकाळी दोन बादल्या घेऊन ते तिला आंघोळ घालायचे. शेजारचे काका म्हणायचे, एवढी सेवा बैलाची केली असती तर त्यानं वाचा फुटून आशीर्वाद दिला असता. मागच्या दिवाळीत डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "कोरडा कपडा फिरवू नकोस." मला वाटलं, काहीतरी भावुक बोलतील.

आता झालं असं. शुक्रवारी प्रशिक्षणासाठी एसटीनं पुण्याला गेले, गाडी तिथेच राहिली. सोमवारी येऊन बघते तर बॉनेट आणि टपावर कुणी भांडंभर चुना ओतून ठेवलाय असं वाटावं. कावळ्या-चिमणीचा ठिपका नव्हे, ताटाएवढे शिंतोडे, वाळून प्लास्टरसारखे कडक. मला इतकी लाज वाटली की पिण्याच्या बाटलीतलं पाणी मारलं आणि ऑफिसच्या पँट्रीतली भांड्यांची हिरवी घासणी घेऊन तिथेच घासलं.

चुना निघाला. खाली उरले पाच पांढुरके, कडा सुरकुतल्यासारखे गोल डाग. शिवाय बॉनेटभर बारीक ओरखडे, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. टपावरचं अजून काढलेलंच नाही, हात लावायची भीती वाटते. आणि एसी लावला की गाडीत मासळी बाजाराचा वास येतो, तो कुठून ते कळत नाही.

आप्पा पंधरा दिवसांनी येणार आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं स्वच्छ दिसतं. काय करू?

बुलेटसवार

सोपं आहे ताई. फडक्यावर थोडं रॉकेल घ्या आणि पुसा. नाहीतर कोल्ड्रिंक ओता, पाच मिनिटांत सुटतं. मी पाच वर्षं हेच करतोय.

कराडचा रंगारी

ताई, आधी ते रॉकेल आणि कोल्ड्रिंक बाजूला ठेवा. मी बोलतोय, भाची टाईप करतेय, त्यामुळे शुद्धलेखन तिचं आणि अक्कल माझी.

कराडला सव्वीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलं. पक्ष्यांनी खराब केलेली गाडी माझ्याकडं फार कमी आली. आली ती माणसानं पुसून खराब केलेली. रॉकेलनं तेलकट पापुद्रा राहतो, त्यावर धूळ चिकटते आणि काचेभोवतीचं रबर फुगतं. कोल्ड्रिंक आंबट आणि चिकट, त्यानं फायदा काही नाही, मुंग्या तेवढ्या येतील.

गाडीचा रंग वरून दिसतो तो रंग नसतो. सगळ्यात वर क्लिअर असतो, पारदर्शक थर, ४० ते ५० मायक्रॉन. तुमच्या डोक्याचा केस त्याच्यापेक्षा जाड भरंल. चमक म्हणतात ती सगळी एवढ्यातच. गडद गाडीचा पत्रा उन्हात ६०-७० अंशांवर जातो, तेव्हा हा क्लिअर जरा नरम पडून पसरतो. वर वाळलेला थर असतो खडबडीत. रात्री पत्रा गार झाला की क्लिअर आवळतो आणि त्या खडबडीत थराचा साचा उमटवून घेतो. तुमचे सुरकुतलेले गोल म्हणजे तो ठसा. तुमची गाडी तीन दिवस तीन रात्री हे करत बसली होती.

ओरखडे मात्र तुमचे. हिरव्या घासणीत घासायची भुकटी बसवलेलीच असते, भांड्याच्या बुडासाठी. वर चिंचेखालच्या रस्त्याची धूळ. तुम्ही बॉनेटला पॉलिश पेपरच मारला म्हणा. रडू नका, बघू.

टपावरचं शिल्लक आहे ते बरं झालं, तिथं नीट करू. गाडी सावलीत न्या, पण त्या चिंचेखाली नको. पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापल्या पत्र्यावर पाणी मारलं की ते जागेवर सुकतं आणि तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याचे क्षार वर बसतात, म्हणजे एक डाग काढताना दुसरा पडला.

मग पोटीस बांधायचं. गळवावर आजी बांधायची तसं. जुनी सुती बनियन किंवा स्वयंपाकघरातला टिश्यू चार पदरी करायचा, गाडीच्या शाम्पूच्या पाण्यात बुडवून, न पिळता, थबथबीत डागावर ठेवायचा. दहा मिनिटं. कडा सुकायला लागल्या तर वरून पाणी सोडायचं. बुलबुलाचा ठिपका असता तर एका पोटिसात काम झालं असतं, पण तुमचं गिऱ्हाईक मोठं आहे. दोनदा, तीनदा ठेवा. मधे चहा प्या. इथंच माणसाची घाई होते, बोटानं टोकरून बघतो, आणि टोकरलं की गेलं.

नरम झाला की कडेनं चिमटीत धरून वर उचलायचा. ओढायचा नाही, पुसायचा नाही. राहील त्यावर पाण्याची बारीक धार सोडा. तुमचा मुलूख ऊस-डाळिंबाचा, फवारणीचा पंप घरोघर असतो, पण तणनाशक भरलेला पंप गाडीवर आणू नका, दोन लिटरचा हातपंप नवा घ्या. शेवटी स्वच्छ मायक्रोफायबर ओला करून, भार न देता, एकाच दिशेनं. एकदा फिरवला की घडी बदलायची. गोल गोल अजिबात नाही. ती कोळ्याची जाळी गोल हातानंच विणली जाते.

काचेवरचं असंच भिजवून काढा. वायपर लावू नका, तो चुना काचभर सारवतो आणि वायपरच्या रबरात खडे अडकतात. हेडलाइट प्लास्टिकचे असतात, तिथं ब्लेड बिलकूल नको.

आता पाच गोल. त्यावरून नख आडवं फिरवा, जपून. नख न अडता गेलं तर काम हातानं होईल. अडलं तर क्लिअर खोल गेलाय, मग कळवा.

अनुभवी शिक्षक

रंगारीदादांचं पोटीस का चालतं ते सांगतो, बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, सवय जात नाही.

पक्षी आपल्यासारखी लघवी करत नाहीत. शरीरातलं पाणी वाचवण्यासाठी ते नको असलेला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. तुमच्या बॉनेटवरचा 'चुना' म्हणजे तेच, आणि मधला काळपट भाग ही खरी विष्ठा. यूरिक आम्ल पाण्यात विरघळायला फार नाखूश असतं, साध्या तापमानाला लिटरभर पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम. म्हणून बाटलीभर पाणी मारून काही झालं नाही. भिजवण्यानं ते विरघळत नाही, पण थर फुगतो, चिकटपणा सैल होतो आणि पत्र्यावरची पकड सुटते.

अल्कलीत ते जास्त विरघळतं. त्यामुळे पोटिसाच्या पाण्यात, अर्धा लिटर कोमट पाण्याला एक चमचा, खायचा सोडा घालायला हरकत नाही. पूर्ण विरघळवून घ्या. कोरडी सोड्याची पूड घासली तर घासणी परवडली असं म्हणाल. नंतर भरपूर साध्या पाण्यानं धुवा. धुण्याचा सोडा मात्र नको, तो बराच तीव्र. व्हिनेगर, लिंबू वगैरे विसरा, आम्लानं यूरिक आम्ल विरघळत नाही.

आणखी एक. सगळा दोष आम्लाचा नाही. विष्ठेत पचनाची एन्झाइम्सही उतरतात. इराणमधल्या संशोधकांनी विष्ठेऐवजी पॅनक्रिएटिन, म्हणजे स्वादुपिंडाच्या एन्झाइम्सचं मिश्रण, गाडीच्या क्लिअरवर ठेवून बघितलं, तर थराचे रासायनिक बंध तुटताना दिसले. म्हणजे चामढोक माशाबरोबर तुमचा क्लिअरही पचवतोय. उष्णतेत हे काम वेगानं चालतं.

बुलेटसवार

सर, मग माझ्या बुलेटच्या टाकीचं काय झालं असेल?

अनुभवी शिक्षक

टाकी उन्हात धरून तिरकी बघा.

बुलेटसवार

बघितली. असू दे.

पाणथळ

ताईंनी फांदी छाटायचा विचार बोलून दाखवला नाही, त्याबद्दल आभार. पण ऑफिसात कुणीतरी तो काढतोच, म्हणून लिहितो. घरटी आणि पिल्लं असलेल्या झाडाला हात लावणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे.

मी दर उन्हाळ्यात भिगवण, भादलवाडी, इंदापूर अशी फेरी मारतो. भादलवाडीच्या तलावातली सारंगार, म्हणजे पाणपक्ष्यांच्या घरट्यांची वसाहत, जास्त फोटोत येते, पण इंदापूरची मजा वेगळी. खाली माणसं उताऱ्यासाठी रांगेत आणि वर पिल्लं माशासाठी रांगेत. हे पक्षी उजनीच्या पाणलोटात मासे पकडतात आणि घशात साठवून आणतात. घरट्यात आले की ते ओकतात, पिल्लं तिथून उचलून खातात. ओढाताणीत अर्धवट पचलेला मासा खाली पडतो. त्यामुळे तुमच्या गाडीवर फक्त विष्ठा नाही, माशाचं तेलही आहे, शाम्पूशिवाय निघणार नाही.

करकोचे उन्हाळ्यात स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडून पाय गार ठेवतात, हे ठाऊक होतं का? त्यांचे पाय पांढरे दिसतात ते त्यामुळे. म्हणजे तुमच्या गाडीवर जे पडलं तो त्यांचा एसी.

कामाचं सांगायचं तर, पिल्लं मोठी झाली की घरट्याच्या काठाबाहेर शेपूट करतात, म्हणून जमिनीवर घरट्याखाली पांढरी वर्तुळं दिसतात. ती बघा. त्यांच्यामधे बऱ्याचदा कोरडी जागा असते, गाडी तिथे बसवा. कॅमेरा सांभाळत झाडाखाली उभं राहण्याचं तंत्र आम्ही असंच शिकलो. पावसाळा लागून पिल्लं उडून गेली की झाड पुन्हा तुमचंच.

ठाण्याची गॅलरी

आमच्याकडे कबुतरं. गाडीवर, खिडकीच्या जाळीवर, एसीच्या डब्यावर. मी एकच सांगते, वाळलेलं खरवडू नका आणि कोरडा झाडू मारू नका, गाडीच्या बाबतीतही. ती धूळ श्वासात जाते. माझ्या सासूबाईंना कबुतरांच्या धुळीमुळे फुप्फुसाचा आजार झाला, डॉक्टरांनी हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस असं लिहून दिलं, आज दोन मजले चढताना त्या तीनदा थांबतात. आधी भिजवायचं, मास्क लावायचा, हातमोजे घालायचे, कपडा वापरला की पिशवीत बांधून टाकायचा.

आणि ताई, एसी लावल्यावर वास येतो म्हणालात. वायपरच्या खाली प्लास्टिकची जाळी असते ना, बॉनेट आणि काचेच्या मधे, एसीला बाहेरची हवा तिथूनच जाते. तिथे बघितलंत का? आमच्या गाडीत तिथे कबुतराची पिसं आणि अख्ख्या काड्या सापडल्या होत्या.

उजनीकाठ

सगळ्यांचे आभार. अहवाल देते.

टप काल संध्याकाळी केला. मागच्या गल्लीत, भिंतीच्या सावलीत. सोडा घातलेल्या पाण्याचं पोटीस, तीन वेळा. दुसऱ्या वेळी बोट शिवशिवत होतं, पण रंगारीदादांची आठवण काढून चहा घेतला. तिसऱ्या वेळी पापुद्रा साईसारखा उचलून आला! खाली फक्त एक फिकट ठसा, बाकी टप स्वच्छ. मी मास्क लावून, हातात पिवळे मोजे घालून टपाला टिश्यू चिकटवतेय हे बघून शिपाईमामांनी विचारलं, "मॅडम, गाडीला ताप आलाय का?"

बॉनेटच्या पाच गोलांपैकी चारांवर नख अडत नाही. पाचव्यावर, बरोबर मधोमध, अडतंय. जाळी अजून उघडली नाही, क्लिपा तुटतील अशी भीती वाटते.

रंगारीदादा, दुकानदार रबिंग कंपाउंडचा डबा देतोय. घेऊ?

कराडचा रंगारी

नका घेऊ. दुकानदार तेच देणार, कारण त्यानं डाग लवकर जातो. डागाबरोबर क्लिअरही जातो. अकरा वर्षांच्या गाडीचा क्लिअर आप्पांनी जपलाय, तो एका दुपारी उडवू नका.

'फिनिशिंग पॉलिश' म्हणून बारीक मिळतं, ते मागा. सोबत फोमचा छोटा पॅड. आधी गाडी धुवून वाळवा. वीतभर जागा घ्यायची, वाटाण्याएवढं पॉलिश, हलक्या हातानं उभं-आडवं, मिनिटभर, मग पुसून बघायचं. चार गोल आणि बरेचसे ओरखडे यात बसतील. सगळे नाही. घासणीचे एक-दोन खोल असतील ते राहू द्या, प्रत्येक ओरखड्याचा पाठलाग करायचा नसतो.

पाचवा सोडून द्या. दोन हजार नंबरचा पाणीपेपर आणि मशीन घेऊन बसणारा माणूस लागंल तिथं, आणि तो चांगला असला पाहिजे. एक गोष्ट सांगतो. आमच्याकडं एका गिऱ्हाइकाची काळी मेटॅलिक गाडी होती, वडाखाली लागायची. गृहस्थ रोज ऑफिसात जाताना खिशातल्या रुमालानं कोरडे ठिपके पुसायचे. वर्षभरानं चौदा ठिकाणी क्लिअर गेला. म्हणाले, बॉनेट नवीन रंगवा. रंगवलं. शेड जुळवायला मला दोन दिवस लागले, गॅरेजात एकजीव दिसत होतं, बाहेर उन्हात काढलं तर बॉनेट एका गाडीचं आणि मडगार्ड दुसऱ्या गाडीचं. जुना रंग उन्हानं उतरलेला असतो, नवा नसतो. पैसे घ्यायला मला लाज वाटली होती. तेव्हा एका रुपयाएवढ्या डागासाठी बॉनेट रंगवू नका.

पॉलिश झालं की मेण लावा. गाडीचं मेण, घरातलं नव्हे. तव्याला तेल लावलं की घावन सुटतं ना, तसं. मेण लावलं म्हणजे डाग पडत नाही असं नाही, पण तुम्हाला अर्धा दिवस जास्त मिळतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा. आता कुणी सिरॅमिक कोटिंगचं काढेल. चांगलं असतं, पण त्यावरही तीन दिवस ठेवलंत तर उमटतंच.

गाडीला कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवरच. धुळीवर कव्हर ओढलं म्हणजे मोठा कोरडा कपडाच फिरवला. आणि हे आता उमजलं असेल, आप्पा काय म्हणत होते ते.

डिकीत एक डबा ठेवा, ओला मायक्रोफायबर आणि बाटलीभर शाम्पूचं पाणी. ताजं असतानाच त्यावर ठेवून द्यायचा, घरी गेल्यावर धुवायची. एवढंच.

जाळीच्या क्लिपा थंड सकाळी काढू नका, प्लास्टिक कडक असतं. दुपारी काढा.

उजनीकाठ

शेवटचा अहवाल. उशीर झाला, आप्पा इथेच होते.

स्टँडवरून घरी येताना ते गाडीत काही बोलले नाहीत. उतरल्यावर बॉनेटच्या कोपऱ्याशी गुडघे वाकवून, डोळे पत्र्याच्या पातळीला आणून बघितलं. चार डाग खरंच गेले होते. त्यांनी पाचव्यावर बोट ठेवलं.

"कोरडा फिरवलास?"

"घासणी फिरवली."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बादली कुठे असते?"

दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत ऑफिसला आले. गाडी पाणथळ यांनी सांगितलं तशी दोन पांढऱ्या वर्तुळांच्या मधे लावली. जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन बघते तर आप्पा चिंचेच्या पारावर बसून घरटी मोजतायत. त्यांची नऊ भरली. माझी दोन चुकली होती, मागच्या फांदीवरची.

तीनला ऊन चढल्यावर त्यांनीच शिपाईमामांकडून पाना मागून वायपरखालची जाळी काढली. एक क्लिप तुटली. आत चिंचेचा पाला, दोन गुलाबी पिसं, आणि पाल्याखाली वीतभर चिलापी, वाळून पापड झालेली. मासा पडला असणार बॉनेटवर आणि घसरत गेला असणार फटीत. तीन आठवडे मी त्याच्यावरून आलेली गार हवा खात होते.

मामा म्हणाले, "मॅडम, त्याच दिवशी सांगितलं असतं तर कालवण झालं असतं."

कराडचा रंगारी

क्लिप दहा-वीस रुपयांना मिळते, नवी लावा, तारेनं बांधू नका. आणि एसीचा फिल्टर बदला, धुवून तो वास जायचा नाही.